नानांचे पॉइंट

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांच्या हाताखाली कुणी उरलं नाही. तेव्हापासून जुळे सोलापुरातल्या आमच्या कॉलनीची दर दिवाळीला कोकण ट्रिप निघते.

ट्रिप म्हणजे नानांचा कागद. त्यात चार रकाने : पॉइंट, अंतर, वेळ, शेरा. गणपतीपुळ्यापर्यंतचा पावणेचारशे किलोमीटरचा रस्ता मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर, आंबा घाट असा त्यात उतरलेला असतो. चहा कुठं घ्यायचा आणि कुठं घ्यायचा नाही, हेही. ‘टेम्पो ट्रॅव्हलर पहाटे चारला आसरा चौकात उभी राहील, चार म्हणजे चार,’ हे वाक्य ठळक अक्षरात आणि खाली दोन रेघा.

आमच्या नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं. ते नेमकं त्याच पहाटे येतं. मग कसले चार! साऱ्या कॉलनीत मोटारी घरघरायला लागतात. टाकी भरते, बॅरल भरतं, हंडे-कळश्या भरतात, शेवटी कुकरसुद्धा भरून ठेवतात. खुद्द नाना लुंगी गुडघ्यावर खोचून पाइप धरून उभे असतात, आणि ड्रायव्हरचा फोन आला की म्हणतात, “आलोच बे, चौकातच हाय.” साडेसहाला गाडी हलते. नाना पुढच्या सीटवरून मागं वळून जाहीर करतात, “अडीच तास लेट. एक पॉइंट कॅन्सल.”

कॅन्सल होणारा पॉइंट ठरलेला. समुद्र.

कारण नानांच्या लेखी गणपतीपुळे म्हणजे हेड ऑफिस. तिथं राहायचं आणि रोज उठून दौऱ्यावर निघायचं. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, पुढं जयगडचा किल्ला, दुसऱ्या दिवशी रत्नागिरी : रत्नदुर्ग, टिळकांचं जन्मस्थान, पतितपावन मंदिर, पोरांसाठी मत्स्यालयातला देवमाशाचा सांगाडा. मालगुंडला कुणी कविता वाचत रेंगाळलं की बाहेरून हाक येते, “कवी एकच, घर लहान. पाच मिनिटं बास!” थिबा राजवाड्यात तर त्यांना राजाचाच राग येतो. ब्रह्मदेशच्या या राजाला इंग्रजांनी 1886 साली रत्नागिरीत आणून ठेवलं, 1910 मध्ये हा वाडा बांधून दिला आणि 1916 मध्ये तो इथंच वारला. आपल्यासारखा माणूस हे ऐकून हळहळतो. नाना घड्याळ बघत म्हणतात, “तीस वर्षं एकाच पॉइंटवर काढली की ह्यानं!”

या सगळ्यात समुद्राच्या वाट्याला येतात दहा मिनिटं. शेरा : ‘पाय ओले करून येणे.’ पोरं पाण्याकडं पळाली की नाना शिट्टी फुंकतात. एका बाबतीत मात्र मी त्यांच्या बाजूचा आहे. गणपतीपुळ्याचा समुद्र दिसतो तितका साधा नाही. लाट परतताना पायाखालची वाळू काढून नेते, आणि धोक्याच्या सूचना वाचूनही पोहायला उतरलेली माणसं तिथं बुडालेली आहेत. तेवढ्यापुरती शिट्टी योग्यच. पण प्रदक्षिणेच्या वाटेवर, देवळामागच्या डोंगराला वळसा घालताना, तिथं कुठं लाट येते? तिथंही शिट्टी असते.

जेवणाची तऱ्हा निराळीच. उतरतो त्या घरच्या वहिनी उकडीचे मोदक करतात, कुळथाचं पिठलं, सोलकढी. नाना अदबीनं पानावर बसतात आणि पिशवीतून शेंगाचटणीचा डबा काढतात. पिठल्यावर चटणी, भातावर चटणी. मोदकाच्या वेळी वहिनी जरा घाबरून बघत होत्या. नानांनी मोदक तुपात बुडवून खाल्ला, मान डोलावली, आणि वर चिमूटभर चटणी तोंडात टाकली. “गोडानंतर तोंड सरळ व्हावं लागतं, वहिनी.”

नानांचं आयुष्य उजनी धरणाच्या टक्केवारीत गेलं. सोलापुरात लोक एकमेकांची खुशाली नंतर विचारतात, आधी ‘उजनी किती टक्के?’ असं विचारतात, आणि उन्हाळ्यात ‘मायनसमध्ये गेली’ हे उत्तर घरातल्या आजारपणासारखं सांगतात. एका संध्याकाळी ओहोटी लागलेली. नाना किनाऱ्यावर हात मागं बांधून उभे होते. पाणी मागं मागं चाललेलं बघून त्यांचा चेहरा उतरला. “मायनसला चाललाय,” ते पुटपुटले. नातवानं रात्री पुन्हा भरती येईल म्हणून सांगितलं, तर लगेच विचारलं, “किती वाजता? आणि दाब असतो का?”

नाना निरुत्तर झालेले मी फक्त मालवणला पाहिले. त्या वर्षी मुक्काम तारकर्लीला होता. सगळे डॉल्फिन बघायला बोटीत बसले, तर हे सिंधुदुर्गात. 1664 साली महाराजांनी कुरटे बेटावर हा किल्ला बांधायला घेतला, ते ऐकून घेतलं. महाराजांच्या हातापायाच्या ठशांपुढं हात जोडले. शिवराजेश्वराच्या देवळाला कधी नव्हे ती पूर्ण वीस मिनिटं दिली. मग दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव दाखवली. चारी बाजूंना खारा समुद्र आणि या विहिरींना गोडं पाणी. नाना कठड्याला धरून वाकले ते वाकलेच. पोरं कंटाळली. शिट्टी गळ्यात लोंबकळत होती.

“मालक,” शेवटी त्यांनी वाटाड्याला विचारलं, “हे पाणी दररोज येतं?”

“ता जाताच खंय, येवक?” तो म्हणाला.

नानांना मालवणी कळत नाही, पण हे कळलं. त्यांनी खिशातला कागद काढला, घडी उलगडली, शेऱ्याच्या रकान्यापुढं पेन धरलं. काही सुचेना. तसाच खिशात ठेवला.

परतल्यावर जिन्यात कुणीतरी विचारलं, “कसा होता समुद्र, नाना?”

“शंभर टक्के.”

यंदा आमच्या घरातल्या बायकांनी बंड केलं. समुद्रावर अख्खी एक संध्याकाळ पाहिजे, नाहीतर ट्रॅव्हलरमध्ये बसणार नाही. नानांनी दोन दिवस तोंड फुगवलं आणि तिसऱ्या दिवशी ग्रुपवर सुधारित कागद टाकला. हरिहरेश्वर, श्रीवर्धन, दिवेआगर, एकूण नऊ पॉइंट. दहावा तळाशी, बारीक अक्षरात : ‘समुद्र. संध्या. 5 ते 7. (ऐच्छिक. न येणाऱ्यांसाठी सुपारी संशोधन केंद्र.)’