काहिलीपाशी सहा राण्या

काय चाललंय काय आपल्या राहू गावात? भर सीझनात गुऱ्हाळावर रात्री दहाला गुळाच्या ढेपेला मोबाइल टेकवतात आणि बघतात काय, तर इंग्लंडच्या आठव्या हेन्रीच्या सहा बायका! परवा ॲन बोलीनच्या मानेवर तलवार यायला आणि काहिलीतला पाक पुढे जायला एकच गाठ पडली. बाई गेली १५३६ साली, गूळ करपला परवा. गुळव्याला झापलं, तर म्हणतो, "मान उडवायला माणूस खास समुद्रापलीकडून बोलावला होता हो. मधूनच कसं उठणार?"

घ्या! आणि बायका काय कमी? हरिपाठाला बसलेल्या आमच्या काकू अर्ध्यातून उठल्या. गुडघा दुखतो म्हणाल्या. गुडघा कसला, क्लीव्ह्जच्या ॲनचं लग्न बघायचं राहिलं होतं! हान्स होल्बाइननं काढलेलं तिचं चित्र राजाला पसंत पडलं, पोरगी समोर आली आणि राजाचं तोंड वाकडं झालं. १५४० साली, सहा महिन्यांत लग्न रद्द. यात नवल ते काय? आपल्याकडच्या बायोडाट्यावरचा फोटो तरी कुणाचा खरा असतो? पण ॲन रडत बसली नाही. वाडे घेतले, नेमणूक घेतली आणि राजाची 'बहीण' होऊन मजेत राहिली. काकूंचा निकाल तयार: "सहांत हीच एक शहाणी."

अहो, पण परक्यांची उणीदुणी कशाला? घरचं काय थोडं आहे? कवळाण्याच्या शेतकऱ्याचं पोर बडोद्याला दत्तक गेलं, सयाजीराव झालं. त्यांची लेक इंदिराराजे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांशी लग्न ठरलेलं, तयारी चाललेली. शिंद्यांची पहिली बायको हयात, ते वेगळंच. १९११ च्या दिल्ली दरबारात पोरीला कूचबिहारचा राजपुत्र जितेंद्र भेटला आणि तिनं काय करावं? थेट नवऱ्या मुलालाच पत्र! लग्न करायचं नाही! ग्वाल्हेरहून बडोद्याला तार, या पत्राचा अर्थ काय? आईबापाला पत्ताच नाही! त्याच दरबारात बापानं बादशहाला धड मुजरा केला नाही म्हणून गोरे साहेब आधीच खवळलेले. बाप तसा, लेक सवाई.

१९१३ साली लंडनला लग्न लागलं, आईबाप नाहीत. आणि पुढं? फ्लॉरेन्सच्या फेरागामो नावाच्या जोडेवाल्याकडं शंभर जोड जोडे. काहींवर जडवायला हिरे-मोती हिनंच पाठवलेले. जुगाराच्या टेबलावर नशिबासाठी जिवंत कासव, पाठीवर रत्नं जडवलेलं! कासव म्हणजे आपल्याकडं देवळात नंदीपुढं गप बसणारं. इथं ते पत्त्यांवर लक्ष ठेवून. शिव शिव शिव! परत एकदा सांगा बरं, कुठली रत्नं होती?

नावं ठेवायची तर ठेवू या, पण जरा जपून. शिफॉनच्या साडीला राजघराण्यांत रुबाब आणला तो याच बाईनं. गेल्या साखरपुड्यात आपल्यापैकी किती जणी शिफॉन सावरत फिरत होत्या? काकूंची तर मोरपंखी होती, दौंडला तीन दुकानं पालथी घालून आणलेली.

काल मोबाइलवर इंदिराराजेंचं पत्र चाललं होतं. सगळं गुऱ्हाळ चिडीचूप. काकूंची पुतणी काकवीचं बोट चाटत हळूच म्हणाली, "काकू, मी असं पत्र लिहिलं तर?"

काकूंनी मोबाइलचा आवाज वाढवला.