आण्णा, ट्रंपेट सुटला

कॅल्गरी, 12 जानेवारी

ती. आण्णांस,


इकडं आम्ही सगळे खुशाल. तुमचा ट्रंपेट मात्र महिनाभर आजारी होता. तुमच्या नातवानं सातवीला शाळेत बँड घेतलाय. बाकीची पोरं वाद्य भाड्यानं आणतात. आपल्याकडं घरचं आहे म्हणून मी कॉलर ताठ केली. नंदीग्राम एक्स्प्रेसच्या बर्थखालून निघालेली पेटी इथं उघडली, तर तिन्ही पिस्टन जाम, नळ्या जाम, माउथपीस तर जन्मापासून चिकटलेलं.

मला वाटलं, गंज. पक्कड काढली. तुमची सूनबाई म्हणाली, "अहो, ठेवा ती. खोबरेलाचा वास येतोय."

आण्णा, निघताना प्रेमानं पिस्टनला खोबरेल चोपडलंत ना? किनवटच्या उन्हात ते पाण्यासारखं पळतं. पण 24 अंशांच्या खाली खोबरेल थिजतं, आणि आमचा हीटर जीव तोडून 21 वर थांबतो. पिस्टनभोवती केसाएवढीही फट नसते, तिथं हे तूप बसलेलं! सूनबाईनं हेअर ड्रायर फिरवला. पाच मिनिटांत पहिला पिस्टन टुक करून खाली गेला, वर आला. महिनाभर मी यूट्यूब बघत होतो, हे तिला सांगू नका.

नळ्यांचं दुखणं मात्र खरं होतं. सांध्यांत हिरवा कळक. तुमच्या वीस वर्षांच्या वराती तिथं साठलेल्या. पातळ तेलाचे थेंब सोडून रात्रभर ठेवलं, सकाळी बाहेरच्या नळीवर गरम पाणी ओतलं (उकळतं नाही, लॅकर उडतं), वाकात आईच्या लुगड्याची चिंधी ओवली आणि दिला हिसका. मी सोफ्यावर उताणा, नळी हातात, पोरगं हसून लोळतंय. पहिल्या आणि तिसऱ्या नळीला तिचा-तिचा पिस्टन दाबून धरायचा, नाहीतर आतली पोकळीच तिला मागं ओढते.

माउथपीस बँडमास्तरांनी काढलं. त्यांच्याकडं स्क्रू फिरवून ओढायचं एक हत्यार असतं. म्हणाले, "वाजवायच्या आधी यावर तळव्यानं थाप कोण मारायचं?" मी तुमचं नाव घेतलं नाही. कुठल्या जर्मन कारखान्याचा, असंही विचारलं. म्हटलं, मेरठ. तिथली नादिर अली कंपनी 1885 ची आहे, वरातीचे बाजे आमच्याकडं तिथूनच येतात. मास्तरांनी ट्रंपेट पुन्हा हातात घेऊन उलटापालटा करून पाहिला.

धुताना भोंग्यातून ज्वारीचे तीन पिवळे दाणे पडले. अक्षता! पोरानं डबीत ठेवल्यात. कुणाच्या लग्नातल्या, ते तुम्हीच कळवा.

येणाऱ्या पाव्हण्याबरोबर पिस्टनचं खास तेल पाठवतोय. घरातल्या दुसऱ्या ट्रंपेटला तेच लावा. वास रॉकेलसारखा येतो. आईला सांगा, ही बाटली डोक्याला लावायची नाही.

तुमचा,
बाळ्या