मी म्हणजे मीच

नालासोपारा पश्चिमेला, स्टेशनपासून हाकेच्या अंतरावर आमच्या वकीलसाहेबांचं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानामागचा अर्धा गाळा. बोर्डावर रेंट अ‍ॅग्रीमेंट, गॅझेट, पॅन, पासपोर्ट अशी यादी आहे आणि जागा संपत आल्यामुळे घटस्फोट आणि व्हिसा एकाच ओळीत कोंबले आहेत. ही नुसती जागेची अडचण नसावी, असं आमच्या हिचं मत.

आम्हाला हवा होता कॅनडाचा सुपर व्हिसा. मुलगा तिथे कायमचा रहिवासी झाला की आईवडिलांना हा मागता येतो. जुलै 2022 पासून यावर एका वेळी पाच वर्षं राहता येतं. अट एवढीच की मुलाची कमाई ठरलेल्या रकमेच्या वर हवी, त्याचं निमंत्रणपत्र हवं, आमची वैद्यकीय तपासणी हवी आणि निदान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा हवा. हा आकडा तपासणीनंतर कळला हे बरं झालं, नाहीतर ब्लडप्रेशरच्या रकान्यात काय आलं असतं देव जाणे. आणि हो, मुलगा आमचाच आहे, याचा पुरावा हवा.

त्याआधी एक एजंट भेटला होता. ‘काका, शंभर टक्के गॅरंटी’ म्हणाला. मुलाला फोनवर सांगितलं, तर तो उखडलाच. कॅनडाच्या अर्जासाठी पैसे घेऊन सल्ला द्यायचा तर तिथला वकील लागतो, नाहीतर तिथल्या कॉलेजचा परवाना असलेला सल्लागार. हे ‘कॉलेज’ म्हणजे सल्लागारांची 2021पासूनची नियामक संस्था, हे कळेपर्यंत मी एजंटला तो कुठल्या कॉलेजात होता ते विचारून बसलो होतो. तो म्हणाला, ‘विवा, विरार. बी. कॉम. सुटलं.’

वकीलसाहेब सरळ माणूस. ‘फॉर्म मुलगा भरेल,’ ते म्हणाले, ‘मी फक्त तुमचे इथले कागद माणसात आणतो.’

आणि त्यांनी मुलाचा जन्मदाखला उजेडात धरला. 1997चा. तेव्हाची नगरपरिषद, तालुका वसई, जिल्हा ठाणे. पासपोर्टवर मात्र पालघर.

‘मधे कुठे राहायला गेला होतात?’

‘कुठेच नाही. जिल्हाच गेला.’

1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा झाला, तेव्हा आम्ही याच घरात चहा पीत होतो. त्याआधी 2009मध्ये नगरपरिषद जाऊन महानगरपालिका आली, तेव्हाही आम्ही इथेच. आमच्या पायाखालून दोन सरकारी कार्यालयं निघून गेली आणि आम्ही जागचे हललो नाही. पण परदेशातल्या साहेबाच्या टेबलावर हा माणूस भटका ठरतो. त्यात गावाचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर एका एलचं, दुसऱ्यावर दोन एलचं. मी म्हटलं, साहेब, हे गाव शूर्पारक होतं तेव्हाही परदेशी लोक ते आपापल्या परीनेच लिहीत होते. 1882मध्ये भगवानलाल इंद्रजींनी बुरुडराजाचा कोट उकरून स्तूप दाखवला. अशोकाचा शिलालेखही इथेच सापडला. तो जोडू का? वकीलसाहेबांनी शांतपणे विचारलं, ‘त्याची अटेस्टेड कॉपी आहे?’

बाजूच्या खुर्चीवर आमचे शेजारी अंकल बसले होते. आडनाव परेरा. त्यांच्या गोव्याच्या साडूला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळाला, तेव्हापासून त्यांना झोप नाही. वकीलसाहेबांनी समजावलं: 19 डिसेंबर 1961च्या आधी पोर्तुगीज गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना ती सोय आहे. वसई मात्र चिमाजी अप्पांनी 1739च्या मे महिन्यातच जिंकली.

‘म्हणजे अर्ज उशिरा झाला?’

‘222 वर्षं.’

अंकलनी हात जोडले. ‘आडनाव त्यांचं, चर्च त्यांनी बांधलेलं, पाव त्यांचा. फक्त पासपोर्टाच्या वेळेला आम्ही मराठे!’

खरा पेच हिच्या नावाचा. माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. लग्नात ताटातल्या तांदळावर मी अंगठीने नवं नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि आत्याने त्या तांदळाची खीर करून टाकली. शाळेचा दाखला जुन्या नावाचा, मुलाच्या जन्मदाखल्यावर आई नव्या नावाची.

‘नाव बदलल्याचा काही पुरावा?’

‘खाल्ला,’ ही म्हणाली.

मग प्रतिज्ञापत्र झालं, पाचशेच्या स्टॅम्पपेपरवर. ‘वन अँड द सेम पर्सन.’ अमुक आणि तमुक ही एकच व्यक्ती आहे, असं हिने शपथेवर सांगितलं. नोटरीने माझ्याकडे बघत विचारलं, ‘खात्री आहे ना?’ तीस वर्षांच्या संसारानंतर या प्रश्नाला शपथेवर उत्तर द्यायची पाळी माझ्यावर आली नाही, ही कायद्याची मेहेरबानी.

सगळ्यात अवघड कागद शेवटी निघाला. तुम्ही मायदेशी परत येणार, हे व्हिसा अधिकाऱ्याला पटलं पाहिजे. म्हणजे नालासोपाऱ्याला! ज्या स्टेशनवर सकाळी 8 वाजता माणूस गाडीत चढत नाही, चढवला जातो, तिथे कोण स्वखुशीने परततो? वकीलसाहेबांनी पेन काढलं. पेन्शन? थोडी. शेती? नाही. फ्लॅट? आहे. भोगवटा प्रमाणपत्र? हा प्रश्न आमच्या भागात कुणी चारचौघांत विचारत नाही.

‘सोसायटीत काही पद?’

‘सेक्रेटरी.’

ते एकदम सावरून बसले. ‘मग सोसायटीचं पत्र आणा.’

एरवी गळक्या पाइपाच्या ठरावाला दोन सभा लागतात. हे पत्र त्याच रात्री, एकमताने, शिक्क्यासकट आलं. चेअरमननी स्वतः मजकूर घातला होता: ‘सदर गृहस्थांकडे मागील वर्षाच्या पाण्याच्या टँकरचा हिशेब प्रलंबित असून तो सादर करण्यासाठी त्यांना भारतात परत येणे बंधनकारक आहे. न आल्यास सोसायटी पाठपुरावा करेल.’

वकीलसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि टायपिस्टला हाक मारली. ‘हे सगळ्यात वर लाव.’