भित्र्या कुत्र्याची पत्रिका

मन चिंती ते वैरी न चिंती, असं आपण म्हणतो. करेज नावाच्या गुलाबी कुत्र्याच्या बाबतीत मात्र वैरीच वरचढ. दाराबाहेर कोणीतरी आहे, एवढंच त्या बिचाऱ्याच्या मनात येतं. बाहेर बघावं तर इजिप्तचा एक मेलेला राजा उभा असतो आणि चोरीला गेलेला शिलालेख परत मागत असतो.

‘करेज द कॉवर्डली डॉग’ ही मालिका कार्टून नेटवर्कवर 1999 ते 2002 या काळात आली. त्याआधी जॉन डिलवर्थ यांनी याच कुत्र्यावर अंतराळातून आलेल्या कोंबडीची एक छोटी फिल्म केली होती आणि तिला ऑस्करचं नामांकनही मिळालं होतं. अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये नोव्हेअर नावाचं गाव. गाव कसलं, चहूकडे उजाड माळ आणि मधोमध एक घर. घरात स्कॉटलंडची प्रेमळ म्हातारी म्युरिएल, तिचा खडूस नवरा युस्टस आणि पोटमाळ्यावर एक संगणक. त्याला जगातलं सगळं माहीत, पण सरळ उत्तर द्यायचं वावडं. म्युरिएलला सतार वाजवायचा नाद आहे. भर कॅन्ससमध्ये सतार कुठून आली, हे कोणी विचारत नाही. रोज दारात राक्षस येत असताना सतारीचं कोणाला काय!

आपल्याकडेही तेव्हा शाळेत असलेली एक अख्खी पिढी या कुत्र्याबरोबर घाबरत मोठी झाली. माझी भाची त्यांतलीच. हल्ली तिला माणसांचे प्रकार पाडायचा छंद जडला आहे. घरातल्या सगळ्यांना चार-चार अक्षरं वाटून झाली, शेजारी संपले, तेव्हा ती करेजकडे वळली. “मामा, तो शंभर टक्के आयएनएफपी आहे,” असं तिने जाहीर केलं आणि मला राहवलं नाही.

हे शास्त्र म्हणावं की शौक, ते बाजूला ठेवू, पण मूळ घराणं मोठं आहे. कार्ल युंग यांनी 1921 साली ‘सायकॉलॉजिकल टाइप्स’ हा ग्रंथ लिहिला. विचार, भावना, संवेदन आणि अंतःप्रज्ञा या मनाच्या चार वृत्ती, आणि प्रत्येकीचं तोंड आत किंवा बाहेर, म्हणजे एकूण आठ. पुढे कॅथरीन ब्रिग्ज आणि त्यांची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी त्यावरून प्रश्नावली बेतली आणि माणसांचे सोळा प्रकार केले. इझाबेलबाईंनी त्याआधी बक्षीसपात्र रहस्यकादंबरी लिहिली होती. संशयितांना रांगेत उभं करायची हौस तिथूनच आली असावी, असा माझा आपला तर्क.

आपल्याला हे सगळं इतक्या चटकन पटतं, कारण आपण पत्रिका बघणारी माणसं. गण कोणता, नाडी कोणती, जुळतं का, हे आपल्या अंगवळणी पडलंय. इथेही चार अक्षरांमागे चार वृत्तींची उतरंड मांडतात. पहिली प्रमुख, दुसरी तिच्या मदतीची, तिसरी अर्धीकच्ची. चौथी सगळ्यांत कमकुवत. माणूस ताणाखाली आला की ती हटकून उसळी मारते, असं मानतात.

भाचीचं म्हणणं असं. करेजची प्रमुख वृत्ती अंतर्मुख भावना. त्याचं एका माणसावर जीव ओवाळून टाकणारं प्रेम आहे आणि ते कोणाला पटवून द्यायची त्याला गरज नाही. दुसरी बहिर्मुख अंतःप्रज्ञा, म्हणजे एका गोष्टीतून दहा शक्यता दिसणं. पुरावा म्हणून तिने त्याच्या मूकनाट्याकडे बोट दाखवलं. संकट दिसलं की करेज म्युरिएलकडे धावतो. तोंडातून नुसती बडबड, शब्द एक नाही. मग अंगच वळवून तो संकटाचं रूप घेतो. चोच काढतो, पंख पसरतो, दात विचकतो, डोळे बाहेर येतात, मिनिटभरात सगळी गोष्ट करून दाखवतो. म्युरिएल शांतपणे त्याच्या डोक्यावरून हात फिरवते आणि भलताच अर्थ लावते. “एवढी कल्पनाशक्ती आयएनएफपीशिवाय कोणाकडे असते?” इति भाची.

मुद्दा बिनतोड वाटला, तरी मी हटलो नाही. माझ्या मते करेज आयएसएफजे आहे. प्रमुख वृत्ती अंतर्मुख संवेदन: घर नेहमी कसं असतं हे ज्याला पाठ आहे, त्यालाच आज काहीतरी वेगळं आहे हे कळतं. त्याखाली बहिर्मुख भावना. घरातल्यांची काळजी हेच त्याचं कामकाज, आणि त्यात युस्टसही आला. हा युस्टस उठताबसता त्याला मूर्ख म्हणतो, हिरवा मुखवटा चढवून दचकवतो, तरी संकटात करेज त्यालाही सोडवतो. कधीकधी नाराजीने, पण सोडवतो. तिसरी अंतर्मुख विचारवृत्ती, जी अपुरी पडते म्हणून पोटमाळ्यावर जाऊन संगणकाचे टोमणे ऐकावे लागतात. आणि चौथी, सगळ्यांत कच्ची, बहिर्मुख अंतःप्रज्ञा. शक्यता त्यालाही दिसतात, पण सगळ्या काळ्याच. दारावर थाप पडली की कोणी लाडू घेऊन आलं असेल, असं त्याच्या कधी मनातसुद्धा येत नाही.

यावर भाची शांतपणे म्हणाली, “पण मामा, लाडू घेऊन कोणी येतच नाही ना! दरवेळी खरोखर राक्षसच येतो.”

इथे मी जरा अडकलो. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणावं, तर ब्रह्मराक्षस खरोखरच हजर आहे. ज्याची प्रत्येक शंका खरी ठरते, त्याच्या शंकेखोर वृत्तीला कच्ची कशी म्हणायची? त्या हिशोबाने नोव्हेअरमध्ये शुद्धीवर असलेला जीव तो एकच.

युस्टसची पत्रिका मांडली, तर ही गंमत आणखी वाढते. तोही अंतर्मुख संवेदनवालाच. तीच खुर्ची, तीच टोपी, तेच वर्तमानपत्र, आणि यात बदल झाला की चिडचिड. मला विचाराल तर सरळ आयएसटीजे. करेजशी त्याची पहिली वृत्ती तंतोतंत जुळते. फरक दुसरीत आहे: करेजकडे माणसांची काळजी, युस्टसकडे जमाखर्च. म्हणून इजिप्तच्या राजाचा शाप सुरू होतो, घरात पूर चढतो, मग डोकं उठवणारं गाणं लागतं, मग टोळधाड येते, तरी युस्टस तो शिलालेखाचा दगड सोडत नाही, कारण त्याची किंमत दहा लाख डॉलर आहे हे त्याने ऐकलेलं असतं. भीती नावाची गोष्ट त्याच्यात फारशी नाहीच. शेवटी त्याच दगडावर चित्र होऊन बसतो.

म्हणजे एकाच प्रमुख वृत्तीचे दोघे, एक चळाचळा कापतो आणि दुसरा ढिम्म. मग ही भीती चार अक्षरांत कुठे बसते? कुठेच नाही. या सोळा प्रकारांत भीती मोजायचं मापच ठेवलेलं नाही. विद्यापीठांतल्या मानसशास्त्रात जे पाच घटकांचं प्रारूप अधिक मानलं जातं, त्यात न्यूरॉटिसिझम नावाचा एक स्वतंत्र घटक आहे. काळजी, धास्ती, मनाची अस्वस्थता हा सगळा ऐवज त्यात येतो. आपल्या चार अक्षरांना त्याचा पत्ता नाही. त्यामुळे आयएसएफजे बाई दार सताड उघडं टाकून दुपारी घोरत पडलेली असू शकते, आणि दुसरी आयएसएफजेच बाई गॅसचा नॉब तिसऱ्यांदा बघायला जिन्यातून परत वर येऊ शकते. करेज घाबरतो म्हणून अमुक प्रकारचा, हे गणितच मुळात चुकीचं. कोणासाठी घाबरतो, एवढं फार तर अक्षरं सांगतील.

पटत नसेल तर फ्रेडचा भाग आठवा. फ्रेड म्हणजे म्युरिएलचा भाचा, धंद्याने केशकर्तनकार. कानापासून कानापर्यंत हसू, बोलणं सगळं यमकात, आणि कोणाचेही केस दिसले की हात शिवशिवतात. करेज त्याच्याबरोबर न्हाणीघरात अडकतो. बाहेर म्युरिएलला वाटतं, भाचा किती गुणी! आत यंत्र फिरत राहतं, एकेक पट्टा उतरत जातो. करेज थरथरतोय, पण अंगावर काटा यायला केसच शिल्लक नाहीत. मालिकेत याहून अक्राळविक्राळ राक्षस आहेत. पण एवढं हळू आणि एवढं गोड बोलत कोणी छळत नाही.

असा भादरून निघालेला कुत्रा पुढच्या गोष्टीत पुन्हा म्युरिएलच्या मांडीवर हजर असतो. पुन्हा काहीतरी येतं, पुन्हा तो किंचाळतो, आणि पुन्हा तिला सोडवायला तोच निघतो.

तेव्हा माझा निकाल कायम आहे. करेज आयएसएफजेच, आणि त्याच्या भीतीचं खातं वेगळं. भाचीला हा निकाल मान्य नाही; तिचं आयएनएफपी जागचं हललेलं नाही. तुमचं मत तिच्या बाजूने पडत असेल तर घाई करू नका. फ्रेडचा भाग आधी पुन्हा एकदा पाहा, शक्यतो दिवसा, आणि मग सांगा.