कॉलवाले

हिवाळ्यातल्या रविवारी पहाटे मुलुंड किंवा घाटकोपरच्या फलाटावर मातकट-हिरव्या ठिपक्यांचं जाकीट, त्याच रंगाची टोपी आणि तान्ह्या बाळासारखी छातीशी धरलेली हातभर लेन्स दिसली, की समजावं, कॉलवाले भांडुपच्या पंपिंग स्टेशनला निघालेत. जाकिटाचा रंग झाडीत मिसळून जाण्यासाठी असतो. फलाटावर मात्र त्यांच्याइतकं उठून कुणीच दिसत नाही. खरं हत्यार खिशात असतं: बदकाचा आवाज काढून त्याला बोलावणारी फुंकायची नळी, म्हणजेच कॉल. तो कोणता घ्यावा याचा ते जेवढा अभ्यास करतात, तेवढा लोक मुलीसाठी स्थळ पाहतानाही करत नाहीत. लाकडी बरा की ॲक्रिलिकचा? सिंगल रीड की डबल? (हा प्रश्न आपल्याकडे आजवर फक्त पेटी घेणाऱ्याला पडत असे.) शेवटी फुंकायला दम पुरत नाही, म्हणून मोबाइल आणि ब्लूटूथ स्पीकर ठरतो.

माझं म्हणणं असं, की ‘खात्रीचा कॉल’ शोधणारा हा माणूस पक्षीनिरीक्षक नसून बिनबंदुकीचा शिकारी आहे, आणि शिकारी म्हणूनही कच्चा. पुरावा बदकांचाच घ्या. दुकानातली ती नळी बहुधा मॅलर्ड जातीच्या मादीचा आवाज काढते. ज्याला जग ‘क्वॅक’ म्हणतं तो तिचाच. आपल्या पाणथळीत हिवाळ्यात उतरतात थापट्या, चक्रांग, तलवार बदक. आणि इथली अडई तर क्वॅक करतच नाही, शीळ घालते. म्हणजे हे अंधेरीच्या नाक्यावर नॉर्वेजियन भाषेत रिक्षा बोलावण्यासारखं झालं. रिक्षावाले मराठीत बोलावलं तरी थांबत नाहीत, हा भाग वेगळा. बरं, योग्य जातीचं रेकॉर्डिंग लावलं तर? अशा आवाजावर पक्षी धावून येतो तो मुख्यतः विणीच्या हंगामात, आपल्या हद्दीत दुसरा घुसला या रागाने. थापट्या आणि चक्रांग इथे वीण घालत नाहीत. दूर उत्तरेकडून चार महिने खायला आलेले पाहुणे ते. अकरा महिन्यांच्या करारावरचा भाडेकरूही हद्दीसाठी भांडत नाही, मग हे कशाला भांडतील?

यावर कॉलवाल्यांचं ठरलेलं उत्तर असतं, ‘आम्ही मारतो कुठे? फोटो तर काढतो.’ पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणं, हाकारणं, आमिष दाखवणं आणि त्याचा प्रयत्नही धरला आहे. आवाजाचं आमिष त्यात बसतं का, ते वकिलांनी ठरवावं. गंमत अशी, की अमेरिकेत परवाना काढून बदक मारता येतं, तरी रेकॉर्ड केलेला आवाज लावून पाणबदकांची शिकार करायला तिथे एरवी बंदी आहे. बंदूकवाल्यांना जे गैर वाटलं, तो आमच्या कॅमेरेवाल्यांचा छंद! मग पक्षीतज्ज्ञ सालिम अलींचं नाव पुढे येतं: त्यांनीही बंदूक चालवलीच होती. चालवली होती. पण लहानपणी छऱ्याच्या बंदुकीने पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी घेऊन ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत ती कोणती, हे विचारायला गेले. यांचा फोटोही सोसायटीतच जातो, पण हाउसिंग सोसायटीच्या ग्रुपवर, ‘शुभ सकाळ’सकट. उरलं ‘मी एकदाच वाजवतो’ हे. रविवारी बांधावरच्या प्रत्येकाने एकदाच वाजवलं, तर बदकाला वाटेल, गणपती लवकर आले.

आणि खात्रीचंच हवं असेल, तर भरतीचं वेळापत्रक आहे. २०२२ साली महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेलेल्या ठाणे खाडीत पाणी चढू लागलं, की चिखलावर पांगलेले रोहित आणि तुतवार कुणी न बोलावता काठाकडे सरकतात. त्यासाठी तासभर गप्प उभं राहावं लागतं. कॉलवाल्यांचं तिथेच अडतं.