एका सीटची, दोघांची गाडी

प्रवासवर्णन म्हटलं की लेखक शेवटी कुठेतरी पोचला असेल, एवढी माफक अपेक्षा वाचक ठेवतोच. कॅफे रेसर नावाची मोटरसायकल या अपेक्षेला पहिल्या किकलाच सुरुंग लावते, कारण निघाल्या जागी परत येणं हा तिचा कुळाचार. लंडनच्या नॉर्थ सर्क्युलर रोडवर १९३८ साली एस कॅफे उघडलं, ते ट्रक ड्रायव्हरांसाठी. महायुद्धात ते बॉम्बखाली गेलं, १९४९ मध्ये पुन्हा उभं राहिलं आणि पुढच्या दशकात तिथे चामडी जाकिटातली पोरं जमू लागली. ज्यूकबॉक्समध्ये नाणं टाकायचं, गाडी पिटाळायची आणि ठरल्या जागेला वळसा घालून गाणं संपायच्या आत परत यायचं, अशा पैजा ती लावत असं सांगतात. एवढा खटाटोप करून माणूस पोचतो कुठे, तर जिथे कप ठेवून निघाला होता तिथेच. देवळाला प्रदक्षिणा घालणारा निदान पुण्य तरी पदरात पाडून घेतो. तरीही माझं म्हणणं असं, की कॅफे रेसर ही प्रवासाचीच गाडी आहे. फक्त तो प्रवास ती रस्त्यावर येण्याआधी होतो, आणि गाडी एका सीटची असली तरी तो दोघांना करावा लागतो.

पुण्यात कॅफे रेसर बनवायला एखादी जुनी आरएक्स हंड्रेड मोटरसायकल हाताशी धरली, की पहिला मुक्काम बुधवारचा किंवा रविवारचा जुना बाजार. तिथे गोल हेडलाइट मागितला, की विक्रेता गाडीचं नाव विचारतो आणि ते न ऐकताच भलत्या गाडीचा दिवा ‘बसतोय की!’ म्हणून हातात ठेवतो. तो बसत नाही, म्हणून पुढचा मुक्काम लेथवाल्याकडे. मग क्लिपऑन, म्हणजे मूळ हॅन्डल काढून फोर्कच्या दोन नळ्यांवर आवळायचे दोन आखूड दांडे. क्लॅम्पचं माप जरा चुकलं तर तो चढत नाही, नाहीतर चढून गोल फिरत राहतो. नीट बसलाच, तर हॅन्डल पूर्ण वळवताना दांडा आणि टाकी यांच्यामध्ये अंगठा सापडतो. तो वाचवायला वेल्डरकडून स्टॉपर वाढवून घ्यावा, तर गाडी वळायला अख्खी गल्ली लागते. पाय मागे नेणाऱ्या रिअरसेटची जोडकांडी उलटी बसली, तर गियरचा क्रमच उलटतो. एअरबॉक्स काढून कोन फिल्टर लावला, तर हवा जास्त आणि पेट्रोल कमी होतं, म्हणून कार्बोरेटरच्या मोठ्या जेटसाठी पुन्हा पायपीट. प्रत्येक काम असं पुढच्या दुकानाचा पत्ता देत जातं, आणि हिंडता हिंडता अख्ख्या पेठा पाठ होतात.

हा प्रवास एकट्याने होत नाही, याची कारणं अगदी व्यावहारिक आहेत. हॅन्डलचा कोन ठरवताना एकाने सीटवरून पुढे वाकायचं आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून ‘अजून खाली घे’ म्हणायचं. एकाने ब्रेक दाबायचा, दुसऱ्याने मागचा दिवा लागतोय का ते पाहायचं. किकला दाद न देणारी गाडी ढकलायलाही कोणीतरी हवंच. सगळ्यात मोठी गरज बाजारात लागते. घासाघीस अडली की बाही ओढून ‘चल रे, राहू दे’ म्हणणारा सोबत नसेल, तर भाव एका रुपयानेही उतरत नाही.

कोणी म्हणेल, एवढं करून ही पळते किती? त्या इंग्रज पोरांची शंभरी मैलांची होती, म्हणजे ताशी १६० किलोमीटर. आरएक्सच्या ९८ सीसी आणि ११ हॉर्सपॉवरला शंभरी गाठता आली, तरी ती किलोमीटरची. मान्य. पण सिग्नल, खड्डे आणि स्पीडब्रेकर मिळून जिथे सगळ्यांचा वेग ठरवतात, तिथे १६० चा उपयोग फक्त मीटरवर वाचण्यापुरता. दुसरा आक्षेप असा, की २०१८ पासून रॉयल एनफील्डची ६४८ सीसीची कॉन्टिनेन्टल जीटी तयार मिळते, मग हा उपद्व्याप कशाला? ती जरूर घ्यावी. मात्र तिच्यासाठी मित्र लागतो तो पेढे खायला.

तिसरा आक्षेप कायद्याचा, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत मनमानी फेरफार करू देत नाही, आणि २०१९ च्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद केली. म्हणून फ्रेमला कटर लावायचा नाही, आरसे आणि इंडिकेटर जागेवर ठेवायचे आणि मडगार्डलाही हात लावायचा नाही. जूनमध्ये पाठीवर मानेपर्यंत चिखलाचा पट्टा उठला की त्यामागचं शहाणपण पटतं. उरलेला बदल चालेल का, ते आधी आरटीओत विचारायचं. म्हणजे प्रवासात आरटीओचाही मुक्काम आलाच, आणि तिथे एकजण झेरॉक्स काढायला गेला की रांगेत जागा धरायला दुसरा लागतोच.

राहिला प्रश्न न्यायाचा. हाताला ग्रीस दोघांच्या लागलं, पण गाडी तयार झाल्यावर बसणार एकच. सीट लांबवावी, तर इतके दिवस कशासाठी हिंडलो असं होतं. आलटून पालटून चालवावी, तर पेट्रोल कोणी भरायचं यावर मैत्री तुटायची. तेव्हा मार्ग एकच उरतो, दुसरी गाडी बांधायची. पहिलीला रंगाचा शेवटचा हात बसत असतानाच मित्र ‘येत्या रविवारी मोकळा आहेस ना?’ असं विचारतो. नाही म्हणायला तोंड नसतं.