केसपेपरची तोडणी-वाहतूक

सरकारी रुग्णालयांतील केसपेपर 'क्लाउड'वर, म्हणजे दूरच्या कोणाच्या तरी मालकीच्या आणि महिना भाड्याने मिळणाऱ्या संगणकांवर, हलवण्याचे अंदाजपत्रक हा मराठी गद्याचा एक दुर्लक्षित प्रकार असून त्यातील आकडे वास्तववादी आणि मुदती अद्भुतरम्य असतात. अहिल्यानगर जिल्ह्यासाठी असे अंदाजपत्रक करावयाचे झाल्यास आरंभ अत्यंत सुखावह होतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाखांहून अधिक आहे. दरडोई दहा पाने आणि प्रत्येक पानाची प्रतिमा २०० किलोबाइटची धरली, तर साडेचार कोटी पानांचा ऐवज नऊ टेराबाइटमध्ये मावतो आणि एका गिगाबाइटला दरमहा सुमारे दोन रुपये भाडे गृहीत धरल्यास हा सारा खर्च महिन्याला अठरा हजारांवर थांबतो. अख्ख्या जिल्ह्याची दुखणी इतक्या स्वस्तात सांभाळली जात असताना प्रस्ताव फेटाळणे कोणत्याही समितीला निर्दयपणाचे वाटणार, हे उघड आहे.

मात्र ही पाने आपल्या पायांनी वर जात नाहीत. गठ्ठे सोडणे, टाचण्या काढणे, वाळवीने सोडलेला भाग सपाट करून स्कॅन करणे आणि डॉक्टरांचे अक्षर लावून नोंद भरणे, या कामाला पानामागे केवळ एक रुपया धरला तरी रक्कम साडेचार कोटींवर जाते, म्हणजे दोनशे वर्षांच्या भाड्याहूनही अधिक होते. म्हणूनच ती सहसा परिशिष्टात, 'किरकोळ' या सदराखाली विसावते. ज्या जिल्ह्यात प्रवरानगरला सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला, तेथे उसाच्या भावातून तोडणी-वाहतूक कोणाच्या खात्यावर कापली जाते हे शाळकरी पोरही सांगेल; केसपेपरच्या तोडणी-वाहतुकीचा प्रश्न मात्र समितीत कोणी काढत नाही.

उत्तर अर्थात तयार असते: परिचारिका. जुनी आणि नवी पद्धत काही महिने एकाच वेळी चालवावी, असे स्थलांतराचे शास्त्र सांगते आणि ते योग्यच आहे. व्यवहारात त्याचा अर्थ एवढाच होतो की ती आधी रजिस्टर भरते, मग तेच संगणकात भरते आणि अकोले तालुक्याच्या डोंगरी भागात असेल तर रेंज येण्याची वाटही पाहते. तिचा पगार आधीच चालू असल्याने या श्रमाची किंमत शून्य लावली जाते. (अंदाजपत्रकात एवढी बिनचूक बेरीज दुसरी आढळत नाही.) त्यात 'आभा', म्हणजे आरोग्य खात्याचा चौदा अंकी क्रमांक, जुन्या कागदांवर नसल्याने 'नगर', 'अहमदनगर' आणि २०२४ नंतरचे 'अहिल्यानगर' असे तीन पत्ते असलेला एकच मनुष्य प्रणालीला तीन रुग्ण वाटू शकतो, ज्यांपैकी एक बरा झालेला, एक उपचाराधीन आणि एक बेपत्ता असतो.

दरपत्रकातील खरी गंमत परतीच्या वाटेवर आहे, कारण माहिती आत नेण्यास बहुतेक पुरवठादार काही घेत नाहीत, पण ती बाहेर काढण्याचा दर साठवणीच्या मासिक दराच्या कित्येक पट असतो. परत येण्याची वेळ येते, हेही जुनेच ज्ञान आहे: २०२२ मध्ये राज्यातील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांतील संगणकप्रणाली बंद होऊन कारभार पुन्हा हस्तलिखित कागदावर आला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात दिल्लीच्या 'एम्स'चे सर्व्हर खंडणीखोर सायबर हल्ल्याने ठप्प होऊन कित्येक दिवस कामकाज हातानेच चालवावे लागले. या अनुभवातून निघणारा दूरदर्शी निष्कर्ष असा की मूळ कागदही जपून ठेवावेत, त्यामुळे अभिलेख कक्षाचे कुलूप, कारकून आणि उंदीर कायम राहून भाड्याची भर तेवढी वरून पडते.

उत्पन्नाच्या रकान्यात भरण्यासारखे काहीच नाही, कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपर मोफत आहे. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी आंतररुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षे ठेवण्यास सांगितल्यामुळे भाड्याची तरतूदही नेमकी तीन वर्षांची होते. चौथ्या वर्षासाठी नवीन समिती प्रस्तावित असून तिच्या बैठकभत्त्याची तरतूद मात्र आताच करून ठेवलेली असते.